बोधचिन्ह बदलताना शिवणीकडून पाहावे

प्रश्न : आमची स्वयंसेवी संस्था तयार कपड्यांच्या उद्योगातील कामगारांच्या सुरक्षिततेसाठी काम करते. सुई-दोऱ्याचे आमचे जुने बोधचिन्ह विश्वस्तांना कालबाह्य वाटते आणि मोठ्या फॅशन ब्रँडसारखी ठळक, साधी अक्षरे घ्यावीत असा त्यांचा आग्रह आहे. कामगार मात्र आम्हाला त्या सुईवरूनच ओळखतात. बदल कसा करावा?

उत्तर : विश्वस्तांची अस्वस्थता मी समजू शकतो, पण त्यांनी सुचवलेला उपाय मला पटत नाही. गेल्या दशकात अनेक नामांकित फॅशन ब्रँडनी आपली जुनी वळणदार अक्षरे टाकून जवळजवळ एकाच साच्यातील ठळक अक्षरे स्वीकारली. ‘बर्बरी’ने २०१८ मध्ये तसा बदल केला आणि २०२३ मध्ये घोडेस्वाराचे जुने चिन्ह पुन्हा आणले. ज्या रूपात ब्रँडच एकमेकांसारखे दिसू लागले, ते त्यांना जाब विचारणाऱ्या संस्थेने घ्यावेच कशाला? पत्रकावर मालकाच्या मालासारखी अक्षरे दिसली, तर कामगार ते हातात घेताना बिचकेल.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशातील राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसे दगावली, तेव्हा तेथे कोणाचे कपडे शिवले जात होते हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून लेबले शोधावी लागली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या ‘फॅशन रिव्होल्यूशन’ने लोकांना कपडा उलटा करून लेबल दाखवायला आणि ‘माझे कपडे कोणी शिवले?’ असे विचारायला सांगितले. या चळवळीची ओळख त्या कृतीतूनच घडली. आपली संस्था नेमके काय करते, हे एका क्रियापदात सांगता येईपर्यंत डिझायनरला कामाला लावू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सुई ठेवावी, पण ती नव्याने रेखाटावी. जुने चिन्ह विणलेल्या लेबलवर एकदा उतरवून पाहा. तेथे कोणतीही रेघ धाग्याहून बारीक होऊ शकत नाही, त्यामुळे सुईचे नेढे बुजते, दोरा तुटक दिसतो आणि नावात ‘ष’ असेल तर त्याची तिरपी रेघ हरवून तो ‘प’ वाचला जातो. लोकरीच्या मालाचा दर्जा दाखवणाऱ्या ‘वूलमार्क’चे १९६४ पासून वापरात असलेले, लोकरीच्या लडीसारखे चिन्ह केवळ काळ्या पट्ट्यांचे आहे आणि म्हणूनच ते लेबलवरही टिकते. आपले चिन्हही आधी एकाच रंगात उभे राहिले पाहिजे. रंग नंतर ठरवावेत, आणि ते ठरवताना मजकूर व पार्श्वभूमी यांच्यातील उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ राहील, हे पाहावे.

छायाचित्रे हा याच ओळखीचा भाग आहे, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. यंत्रावर वाकलेल्या, चेहरा न दिसणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे पुन्हा वापरू नयेत; संमती घेऊन, त्यांना चालत असेल तर नावासह, समोर पाहणारी माणसे दाखवावीत.

डिझायनर विनामूल्य काम करत असला, तरी चिन्हाचे हक्क संस्थेकडे लेखी घ्यावेत आणि फाँटचा परवाना तपासावा. जुनी छापील पत्रके संपेपर्यंत वापरावीत, कारण तो देणगीदारांचा पैसा आहे. अंतिम मसुदा मात्र विश्वस्तांच्या बैठकीआधी पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या दहा-बारा कामगारांना, कोणतेही स्पष्टीकरण न देता, मोबाइलच्या पडद्यावर दाखवावा आणि ‘हे कोणाचे?’ एवढेच विचारावे.