एलानोर की एलनोर?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका नव्या जोडप्याचा प्रश्न असा: मुलगी कृत्तिकेच्या चौथ्या चरणातली, पंचवटीतल्या गुरुजींनी 'ए' अक्षर काढून दिलंय. दोघंही 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणाऱ्या टॉल्कीनचे भक्त, म्हणून त्याच्या कथांमधल्या एल्फ या काल्पनिक लोकांच्या भाषेतलं 'एलानोर' ठरवलंय. आजींना 'गोदा' हवंय आणि त्या विचारतात, "याला काही अर्थ तरी आहे का?" अर्थ आहे का, आणि मराठीत लिहायचं कसं?

अर्थ आहे, आणि तो मागाहून चिकटवलेला नाही. टॉल्कीन भाषाशास्त्राचा माणूस. गोष्टी भाषांसाठी रचल्या, असं तो स्वतःच सांगे. त्याने एल्फ लोकांसाठी रचलेल्या सिंदारिन भाषेत 'एल्' म्हणजे तारा, 'आनोर' म्हणजे सूर्य. त्याच्या कथेत एलानोर हे गवतात उमलणारं सोनेरी फूल. कृत्तिकेवरच्या मुलीला तारा मिळतोय, गुरुजींचीही हरकत नसावी! 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये सॅम या हॉबिटाला, म्हणजे तिथल्या बुटक्या लोकांपैकी एकाला, पहिली मुलगी होते, तेव्हा त्याचा मित्र फ्रोडो हेच नाव सुचवतो. हॉबिटांकडेही मुलींना फुलांची नावं देतात, आपल्या जाई-शेवंतीसारखी. सॅमच्या वडिलांचं मत मात्र असं, की नाव मुळातच आखूड ठेवावं, म्हणजे हाक मारताना तोडावं लागत नाही. आजींचं या म्हातारबुवांशी जमलं असतं. पाळण्यातलं नाव गोदा ठेवायला काय हरकत आहे?

आता लेखन. मूळ उच्चारात मधला स्वर ऱ्हस्व आहे, जोर पहिल्या 'ए'वर. म्हणून 'एलनोर' लिहावंसं वाटेल, पण लिहू नका. शब्दाच्या मधला 'अ' आपण सर्रास गिळतो. 'करवत' लिहितो आणि 'कर्वत' म्हणतो. तसं 'एल्नोर' होईल आणि 'आनोर'चा सूर्य तिथेच मावळेल. काना हवाच. 'एलॅनॉर' हा इंग्रजी थाट, तोही नको. शेवटचा 'र' टॉल्कीनला कुठेही असो, जिभेवर थरथरणारा हवा होता. इंग्रजांना त्यासाठी कष्ट पडतात, आपल्याला तो फुकटात येतो.

विभक्तीची अडचण नाही. किरण, सोनल यांच्यासारखंच चालेल: एलानोरला, एलानोरचं दप्तर. घरात 'एलू' होणार हे गृहीत धरा.

'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या 'खलीसी'च्या वाटेला गेला नाहीत हे बरं केलंत. तिथल्या डोथ्राकी भाषेत टोळीचा सरदार तो 'खाल' आणि त्याची बायको ती 'खलीसी'. मुलीचं नाव 'पाटलीणबाई' ठेवण्यातलाच प्रकार.

जन्मदाखल्यावर नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही येतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर जादा 'ई' घुसला, की ते 'एलिनॉर' हे जुनं युरोपीय नाव होतं. त्याचा सिंदारिनशी काही संबंध नाही. टाइप करणारा माणूस तुमचं स्पेलिंग चुकलं समजून ते 'सुधारून' ठेवण्याची शक्यता दाट. दोन्ही रूपं कागदावर लिहून द्या आणि छापण्याआधी स्क्रीनवर वाचून घ्या.