स्वतंत्र विषय की राज्यशास्त्राचा तुकडा?

प्रश्न : मुलीला एम.ए.ला लोकप्रशासन घ्यायचं आहे. तिचे मामा म्हणतात, 'हा वेगळा विषयच नव्हे, राज्यशास्त्राचा एक पेपर फुगवून त्याची पदवी केली आहे.' यात तथ्य किती?

उत्तर : मामांना नमस्कार सांगा. मी हा विषय एकतीस वर्षं शिकवला आणि हा टोमणा तितकीच वर्षं स्टाफरूममध्ये ऐकला. त्यात अर्धं तथ्य आहे.

वयाचा प्रश्न असेल, तर प्रशियाच्या राजाने १७२७ मध्येच हाले आणि ओडरकाठच्या फ्रांकफुर्ट विद्यापीठांत राज्यकारभाराची अध्यासनं काढली होती. महसूल सांभाळणारे जाणते नोकर हवे होते, एवढंच कारण. आजचा विषय मात्र अमेरिकेतून आला. तिथे सरकारी नोकऱ्या पक्षाच्या माणसांना वाटत. १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एकाने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली आणि १८८३ मध्ये परीक्षा घेऊन भरती करण्याचा कायदा झाला. मग १८८७ मध्ये वुड्रो विल्सन (पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच) यांचा लेख आला. तेव्हा ते मुलींच्या कॉलेजात शिकवत होते, वय तीस. राज्यघटना लिहिण्यापेक्षा ती चालवणं जड जाऊ लागलंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून कारभार राजकारणापासून वेगळा काढून अभ्यासा. मामांचा वाद खरं तर विल्सनशी आहे.

पुढे १९२४ मध्ये अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात हा विषय शिकवणारं मॅक्सवेल स्कूल निघालं, १९२६ मध्ये लिओनार्ड व्हाइट यांचं या विषयाचं पाठ्यपुस्तक आलं. १९३७ मध्ये ल्यूथर गुलिक यांनी कारभार प्रमुखाची सात कामं (नियोजन, भरती, अंदाजपत्रक वगैरे) इंग्रजी आद्याक्षरं जोडून 'पोस्डकॉर्ब' या एका शब्दात कोंबली. तो शब्द मी पोरांकडून घोकून घेतला, त्याची आता जराशी लाज वाटते.

कारण १९४६ मध्ये हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने दाखवून दिलं, की गुलिक यांच्या पिढीने सांगितलेली चांगल्या कारभाराची तत्त्वं म्हणजे नुसत्या म्हणी आहेत. 'अति घाई संकटात नेई' म्हणा की 'शुभस्य शीघ्रम्', वेळेला दोन्ही खरं. मी फळ्यावर आकडे मांडायचो. तळाला ६२५ कर्मचारी. प्रत्येक वरिष्ठाच्या हाताखाली पाचच माणसं ठेवली, तर मुख्य साहेबापर्यंत चार पायऱ्या. पंचवीस ठेवली, तर दोन. एक तत्त्व म्हणतं माणसं मोजकी ठेवा, दुसरं म्हणतं पायऱ्या कमी ठेवा. पाळायचं कुठलं? वर्ग गप्प. माझा तो आवडता तास.

सायमन यांची पीएच.डी. राज्यशास्त्रातली (मामांना एक गुण), आणि १९७८ मध्ये नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं! आमच्या विषयाचं नशीबच तसलं.

विल्सनची फारकतही टिकली नाही. १९४८ मध्ये ड्वाइट वाल्डो यांनी कार्यक्षमतेच्या भाषेमागे दडलेलं राजकारण उघडं केलं. १९६८ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने न्यूयॉर्क राज्यातल्या मिनोब्रुक इथे परिषदेला जमलेल्या तरुण अभ्यासकांनी विचारलं, कारभार काटकसरीचा असेलही, पण न्याय्य आहे का?

मुलीला प्रवेशाआधी अभ्यासक्रम मागवायला सांगा. त्यात गुलिकची सात कामं असतील आणि सायमन नसेल, तर दुसरं विद्यापीठ बघा.