व्हॉल्व्ह बदलताना घाई नको

फेंडर चॅम्पसारख्या छोट्या गिटार अँपमधले तिन्ही व्हॉल्व्ह (काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या) एकदम बदलू नकोस रे. आधी दोषी शोध. अँप चालू ठेवून १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकी टिचकी मार. बारीक 'टक' चालेल, पण स्पीकरमधून 'टण्ण' घुमलं किंवा शिट्टी आली तर तोच बदल.

मग प्लग काढ, अर्धा तास थंड होऊ दे. चॅसिस, म्हणजे आतल्या सर्किटचा धातूचा डबा, मात्र उघडू नकोस; वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट शिल्लक असू शकतात. ६व्ही६ हा मोठा व्हॉल्व्ह काचेला नाही, काळ्या बुडाला धरून सरळ ओढ. नवा बसवताना मधल्या खुंटीची कड खाचेत आली की मगच दाब. या अँपला कॅथोड बायस आहे, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट आपोआप बेतात राहतो, त्यामुळे वेगळं बायस लावावं लागत नाही. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप कधीच चालू करू नकोस, ट्रान्सफॉर्मर जातो.