सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग आईला होतंय तरी काय?

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे. वर्षापूर्वी वडील गेले, तेव्हापासून तिचं अंग दुखतं, डोकं जड राहतं, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. सगळ्या तपासण्या नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, ‘मनाचं आहे.’ आई म्हणते, ‘मला काय वेड लागलंय?’

आईचं अंग खरंच दुखतंय, हे घरातल्या सगळ्यांनी आधी मान्य करा. ‘मनाचं आहे’ याचा अर्थ ‘नाटक आहे’ असा होत नाही. नैराश्यात झोप आणि भूक बिघडते, तशीच वेदना सोसण्याची ताकदही कमी होते. ‘मी उदास आहे’ असं आपल्याकडे फार थोड्या बायका सांगतात. ‘अंगात त्राण नाही’, ‘कशात जीव रमत नाही’ असंच ऐकू येतं.

अशा वेळी मी ‘मन कसं आहे?’ असं विचारतच नाही, कालचा दिवस विचारतो. किती वाजता उठलात? चहा कोणी केला? भाजी निवडायला कोणाजवळ बसलात? मालिका बघताना गोष्ट ध्यानात राहिली का? आवडीची कामं सुटली आहेत, सकाळ सगळ्यात जड जाते, ‘माझा सगळ्यांना त्रास’ असं सारखं तोंडी येतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज चाललंय, असं दिसलं तर मी नैराश्याचा विचार करतो. नवरा गेल्याचं दुःख वर्षभर राहणं स्वाभाविक आहे. पण त्या दुःखात उमाळे येतात आणि ओसरतात, नातवंड मांडीवर आलं की चेहरा फुलतो. आईचा चेहरा तेव्हाही फुलत नसेल, तर अजून वाट पाहू नका.

थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासलं आहे ना, तेवढं बघा. त्यातल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. आईला एवढंच म्हणा, ‘झोप लागत नाही ना, त्यासाठी दाखवून येऊ.’ यात खोटं काहीच नाही.

प्रश्न : वय २९. गाडी चालवताना अचानक छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता मरतोय असं वाटलं. ईसीजी आणि इतर तपासण्या व्यवस्थित. आता महामार्गावर जायचीच भीती वाटते.

पहिल्या वेळी धावत जाऊन हृदय तपासून घेतलंत, ते योग्यच केलंत. तुम्ही सांगता तो पॅनिक अटॅक दिसतो. संकट समोर नसतानाही शरीर ॲड्रेनलिन हे धोक्याच्या वेळचं संप्रेरक सोडतं. श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि त्यामुळे मुंग्या येतात, गरगरतं. साधारण दहा मिनिटांत त्रास टिपेला पोचतो आणि मग उतरायला लागतो. त्या वेळी गाडी सुरक्षित जागी थांबवा आणि श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या.

मला काळजी वाटते ती महामार्ग टाळण्याची. आज महामार्ग सुटला, उद्या लिफ्ट सुटेल, परवा ऑफिस. ही भीती टप्प्याटप्प्याने मोडायला बोधनिक वर्तन उपचार, म्हणजे बोलून विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे उपचार (सीबीटी), फार उपयोगी पडतात. ते लवकर सुरू करा.

प्रश्न : मनाच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या की जन्मभर सुटत नाहीत, हे खरं का?

नाही. हा गैरसमज फार लोकांना उपचारांपासून लांब ठेवतो. नैराश्यासाठी दिली जाणारी सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्राम ही औषधं नशा आणत नाहीत. त्यांचा गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मळमळ, डोकेदुखी पहिल्याच आठवड्यात होते, म्हणून बरेच जण तिथेच गोळी बंद करतात. दुसरी चूक बरं वाटल्यावर होते. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल, तर बरं वाटल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात. एकदम थांबवलं तर चक्कर, चिडचिड होते आणि लोक त्यालाच ‘सवय’ म्हणतात. वारंवार उलटणाऱ्या किंवा बायपोलरसारख्या (कधी अति उत्साह, कधी नैराश्य अशा) आजारात औषध जास्त काळ लागतं, ते मधुमेहात लागतं तसंच.

खरी सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. वर्षानुवर्षांची, घडीवर फाटलेली चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून या गोळ्या आणल्या जातात. घरात कोणी असं करत असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. पण याही गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. त्यात धोका आहे.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे. दोनदा म्हणाला, ‘मेलो तर सुटेन.’ विषय काढला तर त्याच्या डोक्यात तेच बसेल का?

नाही. थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलं आहेस का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. कोणाशी तरी बोलता आलं म्हणून भार हलका होतो. उत्तर ऐकताना रागावू नका, आईवडिलांच्या कष्टांची आठवण देऊ नका. घरात फवारणीचं औषध असेल तर ते आजच घराबाहेर, कुलपात जाऊ दे. जास्तीच्या गोळ्याही त्याच्या हाती लागू देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका आणि आजच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. त्याने काही ठरवलं आहे असं कळलं, तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. १४४१६ या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर दिवसरात्र बोलता येतं, तुम्हालाही आणि त्यालाही.

प्रश्न : खासगी डॉक्टर परवडत नाहीत. जायचं कुठे?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांत बाह्यरुग्ण विभाग आहेत, तिथे तपासून, औषध घेऊन घरी जाता येतं. गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे. विमा असेल तर तोही विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपनीने शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही संरक्षण द्यायचं आहे. पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, पिशवीत घालून न्या आणि घरातलं रोज जवळ असणारं एक माणूस बरोबर घ्या.