सँडविचसाठी कुठला टोमॅटो लावू?

प्रश्न : ताई, मी पुण्यात राहते, टेरेसवर थोड्या ग्रोबॅग आहेत. बाजारातला टोमॅटो दिसायला लालचुटुक पण कापला की आत पांढरट, कडक, चव शून्य. त्याचंच बी काढून लावलं तर तसलेच आले. नुसतं मीठ-मिरपूड लावून चकत्या खाता येतील असा मोठा रसाळ टोमॅटो हवाय, कुठलं वाण घेऊ?

उत्तर : अहो, तो लांबट टणक टोमॅटो मुळात तुमच्या सँडविचसाठी बनवलेलाच नाहीये. नारायणगाव किंवा पिंपळगावच्या मार्केटातून क्रेटमध्ये भरून लांबच्या शहरात न फुटता पोचावा म्हणून त्याची साल जाड, गर घट्ट आणि आतली जेली कमी, आणि आंबटपणा तर बराचसा त्या जेलीतच असतो. शेतकऱ्याला दोष देऊ नका, फुटलेल्या मालाला भाव कोण देणार?

आणखी एक गंमत आहे. जुन्या वाणांचं कच्चं फळ देठाजवळ गडद हिरवं असतं, त्याला खांदा म्हणतात. फळ सगळीकडून एकसारखं लाल व्हावं म्हणून नव्या वाणांतून हा खांदा घालवला, आणि 2012 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या जीनमुळे तो खांदा येतो तोच फळात साखर वाढवायलाही मदत करतो, म्हणजे दिसण्यापायी गोडवा गेला! त्यामुळे पाकिटावरचा फोटो बघताना चपटं, थोडं घड्या पडलेलं, हिरव्या खांद्याचं फळ दिसलं तर नाक मुरडू नका, तेच उचला.

माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पुसा रुबी आणि अर्का विकास लावा. पुसा रुबी दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेचं जुनं वाण, चपटं, रसाळ, चांगलं आंबट. अर्का विकास बेंगळुरूच्या आयआयएचआर या फळं-भाज्यांच्या संशोधन संस्थेचं, फळ 80-90 ग्रॅमचं, चकती बऱ्यापैकी मोठी पडते. दोन्ही हायब्रिड नाहीत त्यामुळे यांचं बी धरून पुढच्या वर्षी लावता येतं. हौस असेल तर एखाद्या बॅगेत ब्लॅक क्रिम किंवा चेरोकी पर्पल ही परदेशी वाणं लावून बघा, काळपट लाल, चव एकदम भारी, पण फळं मोजकीच येतात आणि पानं वळवणारा व्हायरस आला की झाड गेलंच समजा, तेव्हा तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवा, पिवळे चिकट सापळे लावा. ब्रँडीवाइनचं नाव सगळे घेतात, मी मात्र आपल्याकडे सुचवणार नाही, त्याला फळ यायलाच रोप लावल्यापासून तीनेक महिने लागतात.

बी ऑगस्टअखेर-सप्टेंबरमध्ये टाका. दिवसा पस्तिशीच्या वर आणि रात्रीही गरम असलं की फुलं नुसती गळतात, म्हणून उन्हाळ्यात हट्ट करू नका. बांबू-सुतळीचा आधार द्या. फळांना रंग चढायला लागला की पाणी थोडं कमी करा, चव दाट होते, पण एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी बादलीभर असं केलंत तर फळं तडकणार.

प्रश्न : आमच्याकडे रत्नागिरीला झाड फुलावर आलं की हिरवंच्या हिरवं मान टाकतं. मोठा टोमॅटो विसरायचा का?

उत्तर : विसरू नका. खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरा, दुधासारखा स्राव खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर आहे, मातीतून येते आणि औषध मारून जात नाही. झाड उपटून टाका, त्या मातीत वांगी-मिरचीसुद्धा नको. नव्या मातीच्या कुंडीत अर्का आलोक किंवा अर्का आभा लावा, दोन्ही या मरीला टिकतात, त्यातही चकत्यांसाठी आलोक, फळ मोठं असतं.

प्रश्न : घरचे टोमॅटोसुद्धा दोन दिवसांनी बेचव लागतात, असं का?

उत्तर : फ्रिजमध्ये ठेवताय ना? थंडीने वास तयार करणारी यंत्रणाच मंदावते. टोपलीत ठेवा, देठ खाली करून. अगदी पिकून मऊ पडलेत आणि आज खाणार नसाल तरच फ्रिज, आणि कापायच्या आधी दिवसभर बाहेर काढून ठेवा, थोडा वास परत येतो, सगळा नाही.