जुना एक्सपी नव्या लॅपटॉपला दिसत नाही

प्रश्न : बाबांच्या एक्सपी संगणकात घरचे सगळे फोटो आहेत. फोल्डर शेअर केलंय, विंडोज ११चा लॅपटॉप त्याच राउटरवर आहे, तरी उघडत नाही.

उत्तर : केबल बदलत बसू नका, ताई. एक्सपीला फक्त एसएमबी १ हे नेटवर्कवर फाइल शेअर करायचं जुनं तंत्र कळतं. २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्यातल्याच त्रुटीतून जगभर पसरला. नव्या विंडोजमध्ये ते बंदच असतं. लॅपटॉपच्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये ‘एसएमबी १.० क्लायंट’वर तेवढी टिक करा, ‘सर्व्हर’वर मुळीच नको. रीस्टार्ट करा. राउटरची इंटरनेटची वायर काढून ठेवा. दोन्ही यंत्रं तरीही एकमेकांशी बोलतात. एक्सप्लोररच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन एक्सपीचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) टाका. फोटो उतरले की टिक लगेच काढा. मी ती रात्रभरही राहू देणार नाही. बाबांचे फोटो आहेत, दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर त्याच दिवशी घ्या.