एलएलबीची शेवटची परीक्षा झाली, घरात कोणी वकील नाही. पहिली दोन-तीन वर्षं सिनियरकडे फुकट काम करावं लागतं हे खरं का? पुढे नेमकं काय करू?

खरं आहे. बऱ्याच ठिकाणी अजूनही फुकटच राबवून घेतात. आणि हे चूक आहे, असं मी बाररूममध्येही सगळ्यांसमोर म्हणते.

तुमचा प्रश्न दुपारी वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही, कारण 'घरात कोणी वकील नाही' हे वाक्य मी स्वतः कितीतरी जणांसमोर मान खाली घालून म्हटलंय. माझे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आमच्या भावकीत वकील म्हणजे बांधाचं भांडण झालं की ज्याच्याकडे पैसे घेऊन जायचं तो माणूस. आपल्या घरातली मुलगी काळा कोट घालेल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, फी आईने भिशीच्या पैशातून भरली.

2013 मध्ये सनद मिळाली आणि सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात, दिवाणी कामात चांगलं नाव असलेल्या एका वकिलांकडे जायला लागले. सकाळी पावणेनऊची एसटी, घरी परत यायला रात्रीचे आठ. पगार नाही, एसटीच्या पासाचे पैसेही वडिलांकडूनच. असं चौदा महिने चाललं.

कॉलेजात सगळं इंग्रजीत वाचलेलं. पहिला दावा हातात आला तेव्हा 'दावा मिळकतीच्या चतुःसीमा येणेप्रमाणे' आणि 'सबब अर्ज' वाचून मी गांगरले. पुरसिस म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन, निशाणी 5 चा अर्ज म्हणजे तूर्तातूर्त मनाईचा, रोजनामा, म्हणजे दर तारखेच्या कामकाजाची नोंद, कसा वाचायचा, हे मला सिनियरनी नाही, शिरस्तेदारांनी आणि कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकाकांनी शिकवलं. काका टाइप करता करता थांबायचे आणि म्हणायचे, "मॅडम, इथं वादी नाही, प्रतिवादी पाहिजे." त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

आता तो दिवस सांगते. पावसाळ्याचे दिवस होते. बांध कोरल्यावरून मनाईचा दावा, आमची पक्षकार प्रतिवादी, सत्तरीची आजी. वादीचा साक्षीदार उलटतपासासाठी उभा. सिनियरना त्याच दिवशी जिल्हा कोर्टात दुसरं काम होतं. सकाळी फोन आला, "मुदत घे." म्हणजे पुढची तारीख मागून घे. आमच्या तीन मुदती आधीच झालेल्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 17 मध्ये तीनच मुदतींची मर्यादा आहे, आणि न्यायाधीश साहेबांनी ती बोट ठेवून वाचून दाखवली. मग म्हणाले, "तुमचं वकीलपत्र आहे ना? विचारा प्रश्न." फाईल सिनियरच्या गाडीत, साताऱ्यात. माझ्या हातात फक्त मुदतीचा अर्ज. अर्ज नामंजूर झाला, रोजनाम्यात 'उलटतपास नाही' असं लिहिलं गेलं आणि पुढचा पुकारा झाला. आजी मागच्या बाकावर प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा घेऊन बसल्या होत्या. बाहेर आल्यावर विचारलं, "काय झालं गं बाय?" मला उत्तर देता आलं नाही.

संध्याकाळी ऑफिसात सिनियर माझ्यासमोरच आजींना म्हणाले, "ही नवीन पोरगी आहे, हिच्याकडून राहिलं." पुढच्या तारखेला तो हुकूम रद्द करून घेण्याचा अर्ज दिला. तो पाचशे रुपये खर्च भरण्याच्या अटीवर मंजूर झाला. सिनियर म्हणाले, "तुझ्यामुळे झालं, तू भर."

पैसे वडिलांकडे मागितले. त्यांनी काढून दिले आणि एवढंच विचारलं, "तू तिथं कामाला जातेस का शिकायला? कामाला जात असशील तर पगार कुठाय? शिकायला जात असशील तर चुकीचा दंड पोरानं का भरायचा, मास्तर कशाला आहे?"

हाच प्रश्न मी सिनियरना शक्य तितक्या नम्रपणे विचारला. उत्तर आलं, "आम्हीही फुकटच शिकलो. शिकवतोय हेच मानधन समज." पंधरा दिवसांनी मी ते ऑफिस सोडलं. कोर्टाची रोकड सांभाळणाऱ्या नाझरकडे भरलेल्या त्या पाचशे रुपयांची पावती अजून माझ्या कपाटात आहे.

त्या दिवशी गप्प बसले, पण त्याचं उत्तर आज इथे लिहिते. शिकवणं म्हणजे ज्युनियरने लिहिलेली कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, खुणा करून परत देणं, कुठे चुकलं ते सांगणं. चौदा महिन्यांत माझे तीन मसुदे असे परत आले. मी तालुक्याला उभी राहायचे म्हणून सिनियर एकाच दिवशी दोन कोर्टांत कामं घेऊ शकत होते, आणि त्या तारखेची फी पक्षकाराकडून वसूल होत होती. त्यातला वाटा मागण्यात लोभ कसला? आणि फुकट राबवण्याची ही रीत कोणाला बाहेर फेकते ते बघा. ज्याच्या घरी दोन-तीन वर्षं पोसण्याची ऐपत आहे तो टिकतो. माझ्याबरोबर सनद घेतलेल्या आमच्या भागातल्या चौघींपैकी दोघींनी वर्षाच्या आत कोट कपाटात ठेवला. त्यांतली एक माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होती.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये परिपत्रक काढून ज्युनियरला शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सांगितलं. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. मी माझ्या ज्युनियरला आठ हजार देते. ते त्या आकड्यापेक्षा कमी आहेत. तालुक्याच्या कमाईत सध्या एवढंच बसतं, दर दिवाळीला वाढवते. पण महिन्याच्या एक तारखेला देते, आणि कोर्टाने लावलेला खर्च तिच्या खिशातून कधीही जात नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. निकाल लागेपर्यंतचे महिने घरी काढू नका. जवळच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. ओळखीच्या वकिलांना विचारून एक निकाली दिवाणी फाईल दाव्यापासून हुकूमनाम्यापर्यंत वाचा. मराठी टायपिंग शिका. आपल्याकडे तालुका-जिल्हा कोर्टांचं बरंचसं कामकाज मराठीतच चालतं.

निकाल लागला की सनदेला उशीर करू नका. 30 जुलै 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये ठरलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी 750 आणि एससी-एसटीसाठी 125 रुपयांपेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. आम्ही भरलेले पैसे परत मिळणार नाहीत हेही त्याच निकालात आहे, पण तुमच्या आईला भिशी मोडावी लागणार नाही याचा मला मनापासून आनंद आहे. बार एक्झामची, म्हणजे वकिलीसाठी लागणाऱ्या अखिल भारतीय परीक्षेची, धास्ती घेऊ नका. शंभर प्रश्न, 45 टक्क्यांना पास, एससी-एसटीला 40, आणि बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे टीपा नसलेली कायद्याची पुस्तकं, सोबत नेता येतात.

न्यायाधीश व्हायचं म्हणून सनद बाजूला ठेवून पुण्यात क्लास लावणारी मुलं बघते तेव्हा जीव तुटतो. 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली, आणि ती वर्षं तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची आहेत. त्या वकिलीचा दाखला कोर्टाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देतात, नाहीतर किमान दहा वर्षं झालेले वकील देतात आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्यांची मान्यता लागते. म्हणजे सिनियर नीट निवडणं इथेही आलंच. भरतीची जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातल्या अटी मात्र स्वतः वाचा.

सगळे सिनियर माझ्या पहिल्या सिनियरसारखे नसतात, हे सांगायला हवं. नंतर त्याच कोर्टात एका वकीलबाईंकडे गेले. त्या तीन हजार द्यायच्या, आणि माझा प्रत्येक मसुदा लाल पेनाने भरून परत यायचा. आज मी जी काही उभी आहे ती त्यांच्यामुळे. मोठ्या शहरातल्या कंपन्यांचं, लॉ फर्मचं काम मी केलेलं नाही, तिथे पगार असतो, त्याबद्दल तिथल्या माणसांना विचारा. मुंबईलाच जायला पाहिजे असं मात्र आता आमच्याकडच्या मुलांना राहिलेलं नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि आपला सातारा जिल्हा त्यात आहे.

तुम्ही सध्या पतसंस्थेत नोकरी करता असं प्रश्नाखाली लिहिलंय. पूर्णवेळ पगारी नोकरी चालू ठेवून वकिली करता येत नाही, ती सोडावीच लागेल. म्हणून राजीनामा देण्याआधी सिनियरना भेटा आणि समोर बसून तीन गोष्टी विचारा: दरमहा किती देणार, मसुदा तपासून परत देणार का, आणि तुम्हाला मुदत घ्यायला पाठवतील तेव्हा फाईल कुणाकडे असेल.